मुखपृष्ठांची साक्ष
(नांदेड-लातूर परिसरातील जुन्या आंबेडकरी नियतकालिकांच्या संग्रहाविषयी)

'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'समता', 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' ही पाच नावे क्रमाने उच्चारली की एका समाजाच्या छत्तीस वर्षांच्या वाटचालीचा आलेख डोळ्यांपुढे उभा राहतो. ३१ जानेवारी १९२० रोजी ज्या समाजाचे पत्र 'मूक' या शब्दाने आरंभले, त्याच समाजाचे पत्र ४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'प्रबुद्ध' या शब्दापाशी येऊन पोचले. हा प्रवास समजण्यासाठी आतील मजकूर वाचण्यापूर्वी या पत्रांचे शिरोभाग शेजारी शेजारी मांडून पाहावेत. नाव, नावाखालील वचन, तारीख, वर्ष व अंक, किंमत, संपादकाचे नाव आणि छापखान्याचा पत्ता एवढ्या मोजक्या अक्षरांत चळवळीची एकेक अवस्था नोंदलेली आढळते.

आणि नेमके हेच पहिले पान सर्वांत आधी नष्ट होते. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत जुन्या अंकांचा शोध घेत असता जे आमच्या प्रत्ययास आले, ते धम्मबांधवांपुढे ठेवावे आणि या संग्रहाचे कार्य का तातडीचे आहे हे सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शिरोभाग बोलतात

अस्पृश्यांच्या पत्रकारितेचा आरंभ बाबासाहेबांच्या पूर्वीच झालेला होता. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली पुण्याहून 'सोमवंशीय मित्र' काढले. किसन फागोजी बनसोडे यांनी 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका' आणि पुढे 'चोखामेळा' अशी पत्रे चालविली. केवळ ही नावे वाचली तरी दिसते की, प्रत्येक संपादक आपल्या समाजासाठी एक नाव शोधीत होता. नियतकालिकाचे नाव ही त्या काळी स्वतःची ओळख करून देण्याची पहिली कृती होती.

'मूकनायक'साठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. पांडुरंग नंदराम भटकर हे संपादक आणि त्यांच्यामागे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप अशी व्यवस्था होती. शिरोभागी तुकोबांचा अभंग होता. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले तेव्हा त्या जागी ज्ञानदेवांच्या ओव्या आल्या आणि संपादक म्हणून स्वतः बाबासाहेबांचे नाव आले. २९ जून १९२८ रोजी 'समता' सुरू झाले, २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता'. दोहोंच्या संपादनाशी देवराव विष्णू नाईक यांचे नाव निगडित आहे. 'जनता'च्या शिरोभागी गुलामास त्याच्या गुलामीची जाणीव करून देण्याची हाक होती. संतवचनाकडून या हाकेपर्यंतचे अंतर अवघ्या दहा वर्षांचे आहे. महाड आणि नाशिक यांचा अनुभव या दहा वर्षांत येऊन गेला होता, हे ज्यास ठाऊक आहे त्यास हा बदल सहज समजतो. ज्याच्यापाशी शिरोभागच नाही, त्यास हा बदल झाल्याचेही कळणार नाही.

त्याच १९२० साली मराठीत आणखी एक नियतकालिक जन्मास आले. 'किर्लोस्कर खबर' हे कारखान्याच्या आश्रयाने निघालेले पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक म्हणून घरोघर गेले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार होते. 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढून सचित्र अंकाची गोडी मराठी वाचकास आधीच लावली होती. पुढे दीनानाथ दलाल यांनी १९४५ पासून 'दीपावली'ची आणि रघुवीर मुळगावकर यांनी 'रत्नप्रभा'ची मुखपृष्ठे नटविली. आज जुन्या मासिकांचे संग्राहक ज्या मुखपृष्ठांसाठी मोठी किंमत मोजतात, ती बहुतांशी या परंपरेतील आहेत. त्या चित्रकारांचे कौशल्य वादातीत आहे. तथापि त्या रंगीत जगात आमच्या वस्तीतील माणूस क्वचितच दिसे. 'मूकनायक'ची ओळख चित्राने होत नसे. ती नावाने आणि अभंगाने होई. चित्रासाठी ब्लॉक करावा लागे, ब्लॉकसाठी पैसा लागे, आणि येथे तर अंक चालू ठेवणे हेच संकट होते. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ केले असतानाही 'केसरी'ने छापली नाही, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. म्हणून आमच्या पत्रांची साधी, चित्रविरहित पहिली पाने ही दारिद्र्याची खूण असली, तरी त्या पानांवरील प्रत्येक अक्षर मोठ्या कष्टाने मिळविलेले आहे, हे संग्राहकाने विसरू नये.

निजामी राज्यातील वाचक

नांदेड व लातूर हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडे. स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ साली झाला. संस्थानात सभा व वृत्तपत्रे यांवर कडक निर्बंध असत. आ. कृ. वाघमारे यांचे 'मराठवाडा' हे साप्ताहिक १९३७ साली निघाले. बंदी आली की ते नाव बदलून निघे. एकाच पत्राची अशी निरनिराळी नावे असणे ही गोष्ट आज ग्रंथपालास गोंधळात टाकते. परंतु ज्याच्यापाशी पहिली पाने आहेत, त्यास त्या गोंधळातच राज्यसत्तेच्या दडपशाहीचा पुरावा सापडतो.

अशा राज्यात बाबासाहेबांचा विचार पोचला तो माणसांच्या तोंडून आणि कागदांच्या हातून. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातील मक्रणपूर येथे परिषद झाली. फेब्रुवारी १९४१ मध्ये आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली. तडवळे हे बार्शी लाईट रेल्वेच्या मार्गावर होते. तीच अरुंद रुळांची गाडी पुढे लातूरला जाई. तिकडे मनमाड-सिकंदराबाद मार्गामुळे नांदेड एका बाजूने मुंबईच्या आणि दुसऱ्या बाजूने हैदराबादच्या वाटेशी जोडलेले होते. या प्रदेशातील मुद्रित कागदांचा माग काढू पाहणाऱ्याने हे लोहमार्ग आधी नजरेपुढे ठेवावेत. वस्तीत एखाददुसराच साक्षर असला की तो वाची आणि बाकीचे ऐकत; अंक एकाचा, पण श्रवण सर्वांचे. म्हणून खपाच्या आकड्यावरून अशा अंकाचा प्रभाव मोजता येत नाही. तो अंकाच्या घड्यांवरून, कडांच्या झिजेवरून आणि वर लिहिलेल्या नावांवरून काही अंशी मोजता येतो.

धम्मदीक्षेनंतरच्या पहिल्याच निवडणुकीत, म्हणजे १९५७ साली, नांदेडच्या द्विसदस्य मतदारसंघातून शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे हरिहरराव सोनुले लोकसभेवर निवडून आले. हा विजय एकाएकी झालेला नव्हता. त्यामागे गावोगावच्या सभा, हस्तपत्रके आणि साप्ताहिके यांचे जाळे असणारच. त्या जाळ्याचा इतिहास लिहावयाचा तर साधने कोठे आहेत? ती कोणत्याही दप्तरात शिस्तीने लावून ठेवलेली नाहीत. ती असतील तर एखाद्या घराच्या लोखंडी संदुकीत, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली असतील.

दोन प्रकारची ताटातूट

आमच्या शोधात दोन दृश्ये वारंवार दिसली. पहिले दृश्य ग्रंथालयातील. अंक वर्षवार बांधण्यास दिले जातात, तेव्हा बांधणी करणारा मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि जाहिरातींची पाने काढून टाकतो, कारण त्यांना 'मजकूर' समजले जात नाही. एका ग्रंथालयात एका विशेषांकाचा भक्कम बांधलेला खंड आमच्या हाती आला. लेख सारे जागच्या जागी होते. पण अंक कोणत्या तारखेचा, कोठे छापलेला, चित्र कोणाचे आणि किंमत किती, यांपैकी काहीच कळेना. कडा कापताना पानांच्या बाजूला कोणीतरी पेन्सिलीने लिहिलेल्या टिपांची अर्धी अक्षरेही गेली होती.

दुसरे दृश्य घरातील. नांदेड जिल्ह्यातील एका खेड्यात, घराच्या दर्शनी भिंतीवर, तसबिरीच्या चौकटीत बाबासाहेबांचे एक चित्र होते. जवळून पाहिले तर ते एका जुन्या विशेषांकाचे मुखपृष्ठ होते; खाली किमतीचा आकडा अजून वाचता येत होता. घरच्या आजीबाईंना अक्षरओळख नव्हती. "आतली पानं पोरांनी वाचून वाचून फाटली, पण बाबांना फाटू दिलं नाही," असे त्या म्हणाल्या. चाळीस वर्षे त्या चौकटीवरील धूळ त्या स्वतःच्या हाताने पुसत आल्या होत्या.

ग्रंथालयाने मजकूर राखला आणि मुखपृष्ठ टाकले. घराने मुखपृष्ठ राखले आणि मजकूर गमावला. दोहोंनीही आपापल्या परीने जपणूकच केली. आजीबाईंच्या कृतीस अज्ञान म्हणणे आम्हास मान्य नाही. ज्या घरात देवादिकांच्या तसबिरी उतरवून ठेवल्या गेल्या, त्या घरात मोकळ्या भिंतीवर पहिले चित्र आले ते बहुधा अशाच एखाद्या अंकाचे. धर्मांतराचा घरगुती इतिहास त्या खिळ्यावर टांगलेला आहे. म्हणून चौकटीतील मुखपृष्ठ मागून आणणे हा संग्राहकाचा धर्म नव्हे. त्याचे तेथेच छायाचित्र घ्यावे, ते कोणी व केव्हा लावले याची हकीकत लिहून घ्यावी, आणि त्याचा हरवलेला मजकूर ग्रंथालयातील खंडाशी जुळवून द्यावा. ही ताटातूट झालेली दोन अंगे कागदोपत्री पुन्हा एकत्र आणणे, हेच या कार्याचे मर्म आहे.

जे गेले

काळाने जे नेले ते कसर आणि वाळवी यांनी नेले. माणसांनी जे नेले त्याची गोष्ट वेगळी आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्यास त्याची तीव्र झळ लागली. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांना क्रूरपणे ठार मारण्यात आले. ज्या घरांना आगी लावल्या गेल्या, त्यांत धान्य आणि कपडे यांची नुकसानी कोणी मोजली असेल. कागदांची कोणी मोजली नाही. एखाद्या घरातील बाबासाहेबांचे चित्र, जयंतीचे पत्रक, जपून ठेवलेला अंक या वस्तू आक्रमकाच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हत्या. त्या स्वाभिमानाच्या खुणा होत्या आणि रोषही त्या स्वाभिमानावरच होता.

पुढे १९९३ सालात दोन आघात लागोपाठ झाले. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदे कोसळून हजारो माणसे गाडली गेली. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. जेथे माणसे काढावयाची होती तेथे कागद कोण शोधणार? त्याच वर्षी २५ नोव्हेंबर रोजी नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. या काळातील पत्रके, स्थानिक साप्ताहिके, शोकसभांच्या सूचना आणि स्मृतिविशेषांक यांस आता तीन दशके उलटून गेली आहेत. ज्यांनी ती छापली, वाटली आणि भिंतींवर चिकटवली, ती माणसे आज वृद्ध झाली आहेत. त्यांच्या हयातीत हे कागद गोळा झाले नाहीत, तर चित्राखालची नावे सांगणारा कोणी उरणार नाही.

ज्यांनी वाट घालून दिली

संग्रहाविना इतिहास लिहिता येत नाही, हे आमच्या पूर्वसूरींनी जाणले होते. चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी आयुष्यभर कागद जमविले, म्हणून त्यांचे चरित्रग्रंथ उभे राहिले. पहिला खंड १९५२ साली, बाबासाहेबांच्या हयातीतच, प्रसिद्ध झाला. नागपूरचे वसंत मून यांनी शासकीय नोकरी सांभाळून जुने अंक मिळविले. पुढे त्यांच्या संपादनाखाली शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड १९७९ पासून काढले आणि 'बहिष्कृत भारत' व 'मूकनायक' यांचा खंड १९९० साली वाचकांच्या हाती आला. औरंगाबाद येथे गंगाधर पानतावणे यांनी बाबासाहेबांच्या पत्रकारितेचा अभ्यास ग्रंथरूपाने मांडला आणि 'अस्मितादर्श' पाच दशके चालवून स्वतःही एक नवा संग्राह्य ठेवा निर्माण केला. दाते, काळे व बर्वे यांनी १८०० ते १९५० या काळातील मराठी नियतकालिकांची सूची सिद्ध केली. तिच्यामुळे काय शोधावयाचे हे तरी कळते.

धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी नागपुरात केलेले भाषण आज प्रत्येक विहारात वाचले जाते. ते आपणापर्यंत पोचले त्यात २७ ऑक्टोबर १९५६ च्या 'प्रबुद्ध भारत'च्या बौद्ध दीक्षा विशेषांकाचा मोठा वाटा आहे. एका साप्ताहिकाच्या विशेषांकावर एका धर्मक्रांतीची वाणी कशी अवलंबून राहते, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

दक्षिणेतही असेच घडले. पंडित अयोथीदास यांनी १९०७ साली मद्रासेत 'ओरु पैसा तमिळन्' हे साप्ताहिक सुरू करून तमिळ प्रदेशात बौद्ध विचार मांडला. त्यांचे लेखन अनेक दशके विस्मृतीत गेले होते. जपून राहिलेल्या अंकांवरून १९९९ साली त्याचे खंड निघाले आणि त्या प्रदेशाचा वैचारिक इतिहास नव्याने लिहिण्याची वेळ आली. कोट्टैयूरचे रोजा मुथय्या हे तर पाट्या रंगविणारे कारागीर होते. त्यांनी पुस्तके, मासिके, हस्तपत्रके असे जे मिळेल ते जमविले. १९९२ साली त्यांच्या निधनानंतर तो संग्रह शिकागो विद्यापीठाने घेतला, पण चेन्नईतच ठेवला; आज तेथे संशोधन ग्रंथालय उभे आहे. संग्राहक होण्यास पदवी लागत नाही, याचा हा पुरावा होय.

आमच्या परंपरेस ही गोष्ट नवी नाही. दुष्काळ आणि युद्ध यांमुळे मुखोद्गत तिपिटक लुप्त होईल या भयाने सिंहलद्वीपातील भिक्खूंनी इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, वट्टगामणी अभय राजाच्या काळी, अलुविहार येथे ते लिहून काढले. पाल काळातील प्रज्ञापारमितेच्या ताडपत्री पोथ्यांना लाकडी पाट्यांचे आवरण असे आणि त्या पाट्यांवर तथागतांच्या जीवनातील प्रसंग रंगविलेले असत. ग्रंथाचे मुख सजवावे व जपावे ही दृष्टी आपणास फार जुन्या काळापासून लाभलेली आहे.

संग्रह कसा करावा

यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही, शिस्तीची आहे. मिळालेल्या अंकाची प्रथम नोंद करावी : नाव, वर्ष व अंक, तारीख, किंमत, संपादक, मुद्रक-प्रकाशक, छापखाना, मुखपृष्ठाचा चित्रकार, अंक कोणाकडून व कोणत्या गावी मिळाला, आणि त्यावरील शिक्के व हस्तलिखित नावे. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने मुद्रक व प्रकाशक यांची नावे छापणे बंधनकारक होते. म्हणून शेवटच्या पानाच्या तळाशी असलेली बारीक ओळ आधी वाचावी.

चित्रांचे ब्लॉक न्याहाळावेत. खिळ्यांच्या छपाईच्या काळात एकच ब्लॉक वर्षानुवर्षे वापरला जाई, प्रसंगी एका छापखान्याकडून दुसऱ्याकडे जाई. बाबासाहेबांच्या त्याच चित्रावर एका अंकात बारीक चीर दिसते आणि दुसऱ्या अंकात दिसत नाही, तर चीर नसलेला अंक आधीचा, असे अनुमान करता येते. तारीख फाटलेल्या अंकाचा काळ ठरविण्यास अशा खुणा उपयोगी पडतात.

वृत्तपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा असल्यामुळे त्यातील आम्ल त्यास पिवळा व ठिसूळ करते. मराठवाड्याचे ऊन त्यात भर घालते. फाटलेल्या जागी चिकटपट्टी कधीही लावू नये. तिचा डिंक कागद कायमचा डागाळतो. पान प्लास्टिकमध्ये वितळवून बंद करणे याहून घातक, कारण ते परत फिरविता येत नाही. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात, अंक सपाट ठेवावेत, घड्या वाढवू नयेत. दुरुस्ती करावयाचीच झाली तर पातळ कागद आणि गव्हाच्या पिठाची साधी खळ जाणकाराच्या देखरेखीखाली वापरावी. बांधणी करताना मुखपृष्ठ, मलपृष्ठ व जाहिराती यांसह अंक पूर्ण बांधावा आणि कडा कापू नयेत, अशी लेखी सूचना द्यावी. संगणकीय प्रत घेताना कोरे पानही वगळू नये. मूळ अंक कोणता आणि पुनर्मुद्रण कोणते, हे स्पष्ट लिहावे.

आणि संग्रह केवळ मुंबई-नागपूरच्या थोर पत्रांचा नसावा. 'प्रबुद्ध भारत' किंवा 'जनता' अन्यत्रही मिळू शकतील. परंतु नांदेडच्या एखाद्या ट्रेडल मशीनवर छापलेले भीमजयंतीचे पत्रक, लातूर-उदगीरच्या तरुणांनी चार अंक काढून बंद केलेले मासिक, दाभडच्या बावरीनगर महाविहारातील धम्म परिषदेची निमंत्रणपत्रिका हे कागद दुसरीकडे कोठेही मिळणार नाहीत. त्यांची मुखपृष्ठे ओबडधोबड असतील, बुद्धमूर्तीचे नाक किंचित वाकडे असेल, निळा रंग रेषेबाहेर गेलेला असेल. तरी दलाल-मुळगावकरांच्या मुखपृष्ठांवर ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांनी स्वतःच्या हाताने काढलेले ते आपले चित्र आहे.

म्हणून प्रत्येक विहाराने एक कपाट आणि एक नोंदवही एवढ्यापासून आरंभ करावा. येत्या वर्षावासात ग्रंथपठनासाठी उपासक-उपासिका जमतील तेव्हा प्रत्येकाने घरातील एक जुना अंक किंवा पत्रक आणावे, त्याची नोंद करून घ्यावी आणि ते घरी परत न्यावे. द्यावयाचे की नाही हा निर्णय त्या घराचा. ज्या आजीबाईंनी बाबांना फाटू दिले नाही, त्यांच्या नावापुढे नोंदवहीत 'संग्राहक' असे लिहिले जावे. तो मान त्यांचा आहे.